तेरा जुलैपासून पुढे

जुलै महिना लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांतून एक ठरलेला मजकूर दरवर्षी येतो. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारपर्यंत खडकवासल्याची भिंतही गेली, लकडी पूल पाण्याखाली गेला, ओंकारेश्वर बुडाले, नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले नदीकाठचे वाडे ढासळले. सोबत त्या वेळचे एखादे धूसर छायाचित्र आणि 'आम्ही गच्चीवरून पाहिले', 'आम्ही पर्वतीकडे पळालो' अशा दोन-चार आठवणी. मजकूर खोटा नसतो. सांगणारे त्या दिवसातून खरोखरच गेलेले असतात, आणि त्यांतले आता फार थोडे उरले आहेत. तरीही तो वाचताना आमच्या मनात दर वेळी एकच तक्रार उमटते : ही गोष्ट बारा जुलैच्या संध्याकाळी संपते कशी?

तेरा तारखेला सकाळी या माणसांनी चूल कशावर पेटवली? गाळात बसलेली भांडी कोणी उकरली आणि ती आपलीच आहेत हे कशावरून ओळखले? त्या वर्षीचे गणपती अवघ्या दोन महिन्यांवर आले होते. ज्यांच्या घराला भिंतच उरली नव्हती त्यांनी मूर्ती कुठे मांडली, की मांडलीच नाही? शाळेचे पुस्तक वाहून गेलेल्या मुलाने सहामाही परीक्षा कशी दिली? हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण शहर संकटातून सावरते म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर या क्षुल्लक प्रश्नांतच आहे, असे आम्ही मानतो. आणि साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी या प्रश्नांकडे पाठ फिरवायला नको होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मुळात या घटनेचे नावच आम्हाला खटकते. आपण 'पानशेतचा पूर' म्हणतो. पूर हा शब्द नदीला, पावसाला, फार तर दैवाला जबाबदार धरतो. आषाढात नदीला पूर यायचाच. पण मुठेला त्या दिवशी आले ते पाणी पावसाचे असले तरी संकट पावसाचे नव्हते. आंबी नदीवरचे मातीचे धरण पुरते बांधून झालेले नसताना त्या पावसाळ्यात ते भरू दिले गेले. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून काढलेल्या मार्गावरचा बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो तोलून धरला, म्हणून निदान धरण फुटायला सकाळ उजाडली. रात्रीच फुटते तर किती माणसे झोपेत गेली असती याचा विचार करवत नाही. पुढे चौकशीसाठी आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग नेमले गेले. हे सारे दप्तरी आहे. शहराच्या तोंडी मात्र 'पूर' राहिला. 'धरणफुटी' हा शब्द कोणी वापरत नाही, कारण धरणफुटी म्हटले की कोणी बांधले, कोणी घाई केली, कोणी वेळेवर सांगितले नाही, हे प्रश्न आपोआप मागून येतात.

नावातला दुसरा शब्द 'पानशेत'. पुणेकरांच्या लेखी पानशेत म्हणजे एक तारीख. ते एक गाव आहे, त्या खोऱ्यात शेती होती, आणि शहराच्या पाण्यासाठी व खालच्या शेतीसाठी त्या खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, हे त्या नावात कुठेही उरलेले नाही. म्हणजे एकाच धरणाने आधी वरची घरे उठवली आणि मग खालची पाडली. खालच्यांच्या आठवणींच्या पुरवण्या निघतात. वरच्यांना आपण सहलीला जाताना रस्ता विचारतो.

असो. मुद्दा तेरा जुलैचा.

वाडा म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे दिंडी दरवाजा, चौक, तुळशीवृंदावन, सागवानी खांब असे चित्र येते. दिवाळी अंकांनी आणि हल्लीच्या उपाहारगृहांच्या सजावटीने ते चित्र पक्के केले आहे. १९६१ साली नदीकाठच्या पेठांतले पुष्कळसे वाडे म्हणजे भाड्याच्या बिऱ्हाडांची दाटी होती. मालक माडीवर किंवा पुढच्या भागात, आणि बाकी ओसरी, माजघर, कोठी, घोड्यांची जुनी पागा, जिन्याखालची जागा, असे जिथे अंथरूण पसरता येईल तिथे एकेक संसार. सामाईक नळ, सामाईक संडास आणि त्यांवरून रोजची सामाईक भांडणे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठलेली, त्यामुळे मालकाला डागडुजीत रस नाही आणि बिऱ्हाडकरूला जागा सोडण्यात नाही. वाडा उभा होता तो बराचसा या दोघांच्या परस्परांवरच्या रुसव्यावर. पाणी शिरले तेव्हा कच्च्या विटांच्या, मातीत बांधलेल्या भिंती भिजून फुगल्या. काही त्याच दिवशी पडल्या, काही पाणी ओसरल्यावर दोन-चार दिवसांनी, लोक परत आत गेल्यानंतर.

इथे एक फरक घडला, आणि तो फार कोणी लिहिला नाही. वाडा पडला तेव्हा मालकाचे घर पडले, पण जागा उरली. बिऱ्हाडकरूची जागाच नाहीशी झाली. त्याच्याजवळ होत्या त्या भाड्याच्या पावत्या, त्याही बहुधा भिजलेल्या. आणि ज्या खोलीच्या त्या पावत्या होत्या ती खोलीच नसल्यावर त्यांचा आधार कितीसा राहणार? पुराच्या आठवणी सांगताना 'आमचा वाडा' म्हणणारे आणि 'आम्ही त्या वाड्यात राहायचो' म्हणणारे असे दोन आवाज आहेत. छापून आलेल्या आठवणींत पहिला आवाज जास्त ऐकू येतो.

पाण्याने वेढलेल्या शहरात दुसऱ्या दिवसापासून पाणी नव्हते, ही त्या दिवसांतली सर्वांत विचित्र गोष्ट. पुण्याला नळाचे पाणी खडकवासल्याहून मिळत असे. तेच रिते झाले, तेव्हा शहराचे नळ कोरडे पडले. मग वाड्यावाड्यांतले आड आणि विहिरी आठवल्या. नळ आल्यापासून ज्यांवर फळ्या टाकून कपडे वाळत घातले जात होते, किंवा ज्यांत निर्माल्य टाकले जात होते, त्या विहिरी उपसल्या गेल्या. पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या नळाच्या पाण्याला आणि त्यावरच्या हौदांना पुन्हा काही दिवस महत्त्व आले. जुनी वस्तू अडगळ म्हणून राहिली होती, ती कामाला आली. यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकदा केलेली टिप्पणी आम्हाला फार आवडते : पुण्याने वारसा जपला नव्हता, तो मोडायचा राहून गेला होता. या वाक्याचा उपयोग पुण्याच्या इतर अनेक बाबतींतही होतो.

रांग ही त्या महिन्यांची खरी संस्था. पाण्याची रांग, रॉकेलची रांग, धान्याची, कपड्यांची, अर्जाची. वाड्याच्या चौकात ज्यांचा हात एकमेकांच्या घड्याला लागणे चालत नव्हते ते या रांगेत एकामागे एक उभे राहिले. यावरून 'संकटात जातिभेद गळून पडले' असे एक गोड वाक्य पुष्कळ ठिकाणी लिहिले जाते. आम्हाला ते पटत नाही. भेद रांगेत थोडे सैल झाले असतील. पण रांग संपल्यावर जो तो कुठे राहायला गेला, ते पाहिले तर वेगळे चित्र दिसते.

रांगेबरोबर एक नवा शब्द आला : पूरग्रस्त. हा शब्द विशेषण म्हणून आला आणि पाहता पाहता नाम झाला. 'आम्ही पूरग्रस्त' म्हणजे दुःख भोगलेली माणसे, असा त्याचा अर्थ पहिले काही दिवस असेल. नंतर त्याचा अर्थ कागद असा झाला. पूरग्रस्त असल्याचा दाखला, त्यावर कुटुंबातल्या माणसांची संख्या, पडलेल्या जागेचा पत्ता, सही-शिक्का. घर होते हे सिद्ध करायला घराचा पत्ता लागे, आणि जो पत्ता लिहायचा तिथे आता मातीचा ढीग होता. तरी लोकांनी तो लिहिला. सरकारी मराठीने निर्माण केलेल्या शब्दांची आपण नेहमी चेष्टा करतो, पण 'पूरग्रस्त' या एका शब्दावर हजारो कुटुंबांची पुढची वीस-तीस वर्षे उभी राहिली. भाषेच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगले उदाहरण कुठे मिळणार?

पुनर्वसनाची सूत्रे स. गो. बर्वे यांच्याकडे आली, आणि ते काम वेगाने झाले हे मान्य करायला हवे. शहराबाहेरच्या माळांवर निसेन हट उभे राहिले. पुणेरी उच्चारात 'निसन हट'. हा प्रकार लष्करी : पन्हाळी पत्रा अर्धवर्तुळात वाकवून जमिनीवर पालथा ठेवलेला, जणू लांबट पिंप मधोमध कापून उपडे घातले आहे. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी काढलेली ती युक्ती. आता या घरात भिंत आणि छप्पर वेगळे नाहीत. भिंतच वाकत वाकत छप्पर होते. त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही, खुंटी ठोकता येत नाही, देवाची तसबीर लावली तर ती पुढे लोंबते. उन्हात पत्रा तापतो, पावसात वाजतो. ज्या माणसांचा सगळा संसार कोनाडे, फडताळे आणि खुंट्या यांवर मांडलेला होता त्यांना कोनाडा नसलेल्या घरात राहावे लागले, ही गोष्ट वास्तुशास्त्राच्या पुस्तकात एका ओळीची असेल, कादंबरीत ती दोनशे पानांची आहे. त्या दोनशे पानांची आम्ही वाट पाहत आहोत.

पुढे गोखलेनगर झाले, लोकमान्यनगर झाले, पर्वतीच्या पलीकडे सहकारनगर झाले. ज्यांना थोडेफार पैसे उभे करता आले, कागदपत्रे जमवता आली, चार ओळखीचे एकत्र आणता आले, त्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढल्या. पूरग्रस्तांच्या अशा शंभराहून अधिक संस्था झाल्या. ज्यांना ते जमले नाही ते सरकारने बांधलेल्या लहान घरांत गेले, आणि ज्यांच्याजवळ दाखलाही नव्हता ते नदीच्या, ओढ्याच्या, कालव्याच्या कडेला पुन्हा झोपडी घालून राहिले. पूर सगळ्यांच्या घरात सारखा शिरला होता. बाहेर पडण्याचे रस्ते सारखे नव्हते. आजचे पुणे कळायचे असेल तर पेठा आणि कँप ही जुनी विभागणी पुरत नाही. पुराने आखलेली ही तिसरी विभागणी त्यावर ठेवून पाहावी लागते.

सहकारनगर हे नाव तर आम्हाला एका पर्वाचे शीर्षकच वाटते. सहकार हा त्या काळचा आवडता शब्द. महाराष्ट्र राज्य वर्षभरापूर्वी स्थापन झाले होते आणि सहकाराने सगळे होईल असा विश्वास हवेत होता. वाड्यातली माणसे 'सोसायटीत' आली. वाड्यात मालक होता, त्याच्याशी भांडता येई. सोसायटीत कमिटी आली, तिला पत्र लिहावे लागते. पुणेरी पाट्यांची थट्टा करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. वाड्यात जे ओरडून सांगितले जात होते ते बंगलीच्या फाटकावर लिहावे लागले, कारण ओरडलेले ऐकायला आता चौक उरला नव्हता. हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. पाट्या पुराच्या आधीही होत्याच. पण मध्यमवर्गीय मराठी कथेत सत्तरच्या दशकापासून शेजार ज्या रीतीने बंद दारामागे गेला, त्याचे पुण्यापुरते एक कारण या स्थलांतरात आहे, असे आम्हाला वाटते. आपण त्याला 'आधुनिक माणसाचे एकाकीपण' असे मोठे नाव देऊन मोकळे होतो. पुष्कळदा ते केवळ पेठेतून माळावर राहायला गेल्याचे एकाकीपण होते : वाणी दूर, बस तासाने, आणि संध्याकाळी ओट्यावर बसावे तर ओटाच नाही.

या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे अर्धशतकाहून अधिक काळ शासनदरबारी रेंगाळत राहिला. ज्यांनी अर्ज केले ते गेले, त्यांची मुले निवृत्त झाली, तरी कागदोपत्री ते 'पूरग्रस्त'च होते. एखादे शहर संकटातून कधी सावरले म्हणायचे, याचे उत्तर म्हणूनच तारखेत देता येत नाही.

सावरण्याच्या कथेत एक प्रसंग मात्र नेहमी उजळपणे सांगितला जातो, आणि तो आम्हालाही प्रिय आहे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे पुराला सव्वा वर्षही झालेले नसताना, मुठेच्याच काठी एका नाट्यगृहाचे भूमिपूजन झाले. ज्यांचे नाव त्या वास्तूला द्यायचे होते ते वृद्ध बालगंधर्व स्वतः त्या कार्यक्रमाला होते. २६ जून १९६८ रोजी बालगंधर्व रंगमंदिर उघडले. घरे पुरती बांधून झाली नव्हती, आणि शहराने नाटकासाठी घर बांधायला घेतले. यात कोणाला उधळपट्टी दिसेल, कोणाला रसिकता. आम्हाला यात दोन्ही दिसतात, शिवाय तिसरीही एक गोष्ट दिसते. ज्या नदीने बुडवले तिच्याकडे शहर पाठ करून बसले नाही, काठावरच जाऊन बसले. ही धिटाई होती यात शंका नाही. पण धिटाई आणि विसराळूपणा यांतले अंतर फार नसते, आणि पुढच्या पिढ्यांनी ते ओलांडले.

हे विसरणे कसे घडले हे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात आपलाही, म्हणजे लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्यांचाही, हात आहे. आपण पुराची गोष्ट एका दिवसात कोंडली. एका दिवसाची गोष्ट अद्भुत असते. ती पुन्हा घडेल असे ऐकणाऱ्याला वाटत नाही. 'पानशेत' हे पुण्याच्या बोलीत मोजमाप झाले : कितीही पाऊस पडला तरी 'पानशेतसारखा नाही' असे म्हणून सुस्कारा टाकायचा. पाटबंधारे खात्याने नदीकाठी निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या; शहराने त्या रेषांच्या आत घरे बांधली, वाहनतळ केले, नदीपात्रात रस्ता नेला. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा कालवा फुटून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला, आणि अरण्येश्वर, सहकारनगरचा खालचा भाग, दांडेकर पूल हा सगळा पट्टा त्यात सापडला. साठ वर्षांपूर्वी पाण्यापासून लांब म्हणून जो परिसर निवडला गेला त्याच्याच पायथ्याशी माणसे वाहून गेली. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत खडकवासल्याचे पाणी शिरले. या तिन्ही वेळी दूरचित्रवाणीवर 'पानशेतची आठवण' हे शब्द आले. आठवण कशाची होती? गच्चीवरून पाहिलेल्या पाण्याची. पाणी ओसरल्यावर दाखला कुठे मिळतो, भिजलेली भिंत किती दिवसांनी पडते, आडाचे पाणी कधी प्यावे, अर्जात काय लिहावे आणि काय लिहू नये, हे १९६१ च्या माणसांना येत होते. ते ज्ञान पुढे आले नाही, कारण ते कोणी गोष्ट म्हणून सांगितलेच नाही.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर आश्चर्य अधिकच वाटते. 'साठोत्तरी' हा शब्द आपण वर्गात हजारदा उच्चारतो. साठोत्तरी म्हणजे मुंबईची लघुअनियतकालिके, साठोत्तरी म्हणजे १९६३ ची 'कोसला', साठोत्तरी म्हणजे बंडखोरी, अस्तित्ववाद, भाषेची मोडतोड. सर्व ठीक. पण साठ साल उलटून अर्धे वर्ष झाले आणि मराठी साहित्याची राजधानी म्हणवणाऱ्या शहरात अक्षरशः घरे मोडून पडली, त्याचा या चर्चेत उल्लेखही होत नाही. आपल्या कालखंडांना राजकारणाच्या आणि वाङ्मयीन चळवळींच्या तारखा चालतात. पाण्याची तारीख चालत नाही. याचे एक कारण असे, की मराठी समीक्षेने 'दैनंदिन' हा विषय बराच काळ बायकांच्या लेखनाकडे आणि ललित निबंधाकडे सोपवून दिला. रॉकेलची रांग ही ललित लेखातली गंमत. तिच्यावर विचार करायचा नसतो.

हा दोष आमच्याही पदरात आहे, तो सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना घरातल्या, शेजारच्या वृद्धांकडून पुराच्या आठवणी टिपून आणायला सांगितले. प्रश्नावली आम्हीच तयार केली होती. पहिला प्रश्न : 'त्या दिवशी तुम्ही कुठे होता?' उत्तरे आली, आणि सगळी सारखी. गच्ची, पर्वती, माणसांचा गलका, वाहत जाणारे कपाट, तेराव्या तारखेला उठलेली अफवा आणि पुन्हा पळापळ. इतकी सारखी, की काहींनी स्वतःचे सांगितले की पुरवणीत वाचलेले, याचा आम्हाला संशय येऊ लागला. दोष सांगणाऱ्यांचा नव्हता. आम्ही दिवस विचारला, त्यांनी दिवस दिला.

त्या वर्गात गोखलेनगरची एक मुलगी होती. तिने आजीला प्रश्नावलीतले सगळे विचारले, पाच मिनिटांत संपले. मग वही मिटून ती सहज म्हणाली, 'आजी, मग नंतर गं?' आजी दोन तास बोलल्या. पत्र्याच्या घरात दुपारी थांबवत नसे, म्हणून सगळ्या बायका लिंबाखाली येऊन निवडणे-टिपणे करीत. त्यातली एक कोष्ट्याची, एक ब्राह्मणाची, एक परटाची. पेठेत असत्या तर एकमेकींची नावेही माहीत झाली नसती. एकीकडे शिवणयंत्र होते, ते पुरातून निघालेले, गंजलेले. ते रॉकेलने धुऊन धुऊन तिने चालू केले आणि सगळ्यांच्या मुलांच्या चड्ड्या मदत म्हणून आलेल्या पडद्यांच्या कापडातून शिवल्या. त्यामुळे त्या वर्षी शाळेत निसन हटची मुले फुलाफुलांच्या चड्ड्यांवरून लांबूनच ओळखू येत आणि चिडवली जात. आजींचा थोरला त्यावरून शाळा सोडतो म्हणाला. सोडली का? सोडली. पुढे तो गॅरेजमध्ये लागला. हे सांगताना आजी हसल्या आणि मग गप्प बसल्या, असे मुलीने वहीत लिहिले होते.

ती वही वाचल्यावर आम्ही प्रश्नावली फाडून टाकली. एका पोराची शाळा सुटण्याचे कारण पाणी नसून पडद्याचे कापड आहे, हे कोणत्या आयोगाच्या अहवालात येईल? आणि ते कापड देणारा माणूस चांगल्या मनाने देत होता, शिवणारी बाई तर त्याहून चांगल्या मनाने शिवत होती. संकटानंतरच्या आयुष्यात खलनायक क्वचितच सापडतो, म्हणून त्याची बातमी होत नाही. कथा मात्र होते.

हे फक्त पुण्यापुरते नाही. २६ जुलै २००५ नंतर मुंबईच्या 'स्पिरिट'चे एवढे कौतुक झाले, की लोक दुसऱ्या दिवशी कामावर गेले ते पगार कापला जाऊ नये म्हणून, हे म्हणायचीही चोरी झाली. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तिथल्या जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची हानी झाली. त्या दिवसांची चित्रणे आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. दिवस पुरेपूर नोंदला गेला आहे. ओली पुस्तके कोणी वाळवली, कोणत्या वाचायला राहिली, सभासद पुन्हा केव्हा येऊ लागले आणि त्यांनी पहिले पुस्तक कोणते मागितले, हे चिपळूणच्या कोणा विद्यार्थ्याने आत्ताच लिहून ठेवले तर साठ वर्षांनी आमच्यासारख्यांना तक्रार करावी लागणार नाही.

गोखलेनगरच्या त्या आजींकडे आम्ही पुढे स्वतः गेलो, ध्वनिमुद्रण करायला. दाखला त्यांनी जपून ठेवला होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, लग्नातल्या छायाचित्राच्या खाली. छायाचित्रावर खालून दोन बोटे तपकिरी रेघ होती, दाखला कोरा करकरीत. लिंबाचे झाड कुठे होते ते त्या सांगू लागल्या, हाताने दिशा दाखवून, म्हणजे ध्वनिमुद्रणात काही उपयोग नाही अशा रीतीने. इतक्यात मोरीतला नळ फुसफुसला. 'थांबा, आधी पाणी भरून घेते,' असे म्हणून त्या उठल्या. पुढची अकरा मिनिटे मुद्रणात फक्त बादल्यांचा आणि पिंपाचा आवाज आहे. तो आम्ही कापलेला नाही.